लसीकरण सत्रातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न: आरोग्यसेविका, आशा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सहकाऱ्यांसाठी

उपकेंद्रांतून, प्रशिक्षणांतून आणि सत्राच्या मधोमध आलेल्या फोनवरून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाला धरून आहेत. खासगी बालरोगतज्ज्ञांचं वेळापत्रक काही बाबतींत वेगळं असतं, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

१. वेळापत्रक तर माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेलंच असतं. मग वेगळं काय शिकायचं?

वेळापत्रक बहुतेकींना पाठ असतं. गाडी अडते ती तीन ठिकाणी: नको त्या कारणावरून बाळ परत पाठवलं जातं, लस गोठते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, आणि फोडलेल्या वायलीची (लशीच्या कुपीची) वेळ कुणी लिहीत नाही. या तिन्हींची उत्तरं कार्डावर नसतात. म्हणून या पानावरही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

२. कोणत्या भेटीला काय द्यायचं, एकदा नीट सांगाल का?

जन्मतः: बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हेपटायटिस बी.

६ आठवडे: पोलिओ थेंब, रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांची लस), पेंटा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपटायटिस बी आणि हिब यांची एकत्रित लस), पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस) आणि एफआयपीव्ही (टोचायच्या पोलिओ लशीचा, म्हणजे आयपीव्हीचा, छोटा डोस).

१० आठवडे: पोलिओ थेंब, रोटा, पेंटा. या भेटीला पीसीव्ही आणि एफआयपीव्ही नसतात, कारण त्या दोन्हींच्या पहिल्या दोन डोसांत किमान ८ आठवडे जावे लागतात. घाईत तिन्ही भेटी सारख्या समजून इथे जादा टोचलं जातं.

१४ आठवडे: पुन्हा ६ आठवड्यांप्रमाणेच.

९ महिने पूर्ण झाल्यावर: एमआर-१ (गोवर-रुबेला), पीसीव्ही बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस (हा २०२३ पासून सुरू झाला) आणि जीवनसत्त्व अ १ मिली, म्हणजे १ लाख युनिट.

१६ ते २४ महिने: एमआर-२, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर आणि जीवनसत्त्व अ २ मिली. पुढे दर ६ महिन्यांनी ५ वर्षांपर्यंत जीवनसत्त्व अ चालू राहतं.

५ ते ६ वर्षं: डीपीटीचा दुसरा बूस्टर. १० आणि १६ वर्षं: टीडी (धनुर्वात-घटसर्प).

जपानी मेंदूज्वराची लस राज्यातल्या ठरावीक जिल्ह्यांतच असते, उदाहरणार्थ गडचिरोलीत. तिथे ती एमआरच्या दोन्ही भेटींना जोडून देतात.

३. डावा-उजवा इतका काटेकोरपणे का पाळायचा? लस तर शरीरातच जाते.

लशीला फरक पडत नाही, तपासाला पडतो. उद्या एका मांडीला गळू झालं किंवा दंड सुजला, तर कोणत्या लशीमुळे झालं हे जागेवरूनच कळतं. पेंटा डाव्या मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ०.५ मिली. पीसीव्ही उजव्या मांडीत, ०.५ मिली. बीसीजी डाव्या दंडावर त्वचेत: महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, त्यानंतर ०.१ मिली. एफआयपीव्हीही त्वचेतच, ०.१ मिली, पहिले दोन डोस उजव्या दंडावर आणि तिसरा डाव्या. एमआर उजव्या दंडावर त्वचेखाली, ०.५ मिली.

त्वचेत दिलेलं इंजेक्शन जमलं की नाही हे लगेच दिसतं. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, फिकट फुगवटा आला तर सुई योग्य थरात आहे. फुगवटा न येता लस सहज आत गेली तर ती खोल गेली. एफआयपीव्हीचा डोस पूर्ण डोसाच्या पाचव्या हिश्शाइतकाच असतो. तो त्वचेतल्या थरात गेला तरच पुरतो, म्हणून इथली चूक महागात पडते.

कुल्ल्यावर कोणतीच लस नको. तिथे चरबी जास्त असते आणि मांडीत उतरणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊ शकते.

४. एकाच दिवशी तीन टोचण्या बाळाला जड जात नाहीत का? आई नको म्हणते.

जात नाहीत. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या सिरिंजने दिल्या तर परिणाम कमी होत नाही आणि त्रासही दुप्पट-तिप्पट होत नाही. एकाच मांडीत दोन द्याव्या लागल्या तर त्यांच्यात किमान एक इंच अंतर ठेवा. दोन लशी एका सिरिंजमध्ये कधीही मिसळू नका. तोंडावाटेच्या लशी आधी द्या, कारण टोचल्यावर रडणारं बाळ थेंब बाहेर काढतं. पोलिओचे थेंब थुंकले तर पुन्हा द्या. आईला तीन फेऱ्यांची तिची बुडणारी मजुरी मोजून दाखवली, तर बहुतेक वेळा पटतं.

५. सर्दी, खोकला, अंग कोमट, जुलाब. लस द्यायची की पुढच्या महिन्यात बोलवायचं?

द्यायची. सौम्य ताप, सर्दी, जुलाब, अँटिबायोटिक चालू असणं, कुपोषण, कावीळ होऊन गेलेली असणं, घरात कुणाला फिट येणं, यांतलं एकही लस नाकारायचं कारण नाही. कुपोषित बाळाला तर गोवर जास्त धोकादायक असतो, म्हणून त्याची लस आधी. गावात सत्र महिन्यातून एकदाच असेल, तर ‘पुढच्या वेळी’ म्हणजे महिनाभर उघडं ठेवलेलं बाळ, आणि त्यातली काही बाळं पुढच्या वेळी येतच नाहीत.

थांबायचं ते इतक्याच वेळी: बाळ दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी असेल, त्याच लशीच्या आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, पेंटा किंवा डीपीटीनंतर ७ दिवसांत मेंदूवर परिणाम होऊन बाळ बेशुद्ध झालं किंवा वारंवार फिट आल्या असतील, रोटापूर्वी आतड्यात आतडं अडकण्याचा आजार होऊन गेला असेल. अशा बाळाचा निर्णय वैद्यकीय अधिकारी घेतील. बाळाला घरी पाठवू नका, त्यांच्याकडे पाठवा.

६. बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि वजन कमी आहे. वय कसं मोजायचं?

जन्मतारखेपासून. अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणून तारखा पुढे ढकलायच्या नाहीत आणि डोस अर्धाही करायचा नाही.

७. बीसीजीचा व्रण उमटला नाही. पुन्हा द्यायची का?

नाही. साधारण २ ते ४ आठवड्यांनी पुळी येते, फुटते, आणि पुढच्या काही आठवड्यांत व्रण राहतो. काही बाळांना व्रण राहतच नाही आणि तरी लस दिलेलीच धरतात. पुळीवर हळद, मलम, पावडर काही लावायला सांगू नका. टोचण्याआधी त्वचा मळलेली असेल तर स्वच्छ पाण्याने पुसा. स्पिरिट नको, ते जिवंत लस मारतं. बीसीजी १ वर्षापर्यंतच देतात.

८. बाळंतपण घरी झालं. आम्ही पोचलो तेव्हा ३० तास उलटले होते. हेपटायटिस बी द्यायची का?

कार्यक्रमात हा डोस २४ तासांपर्यंतच आहे. आईकडून बाळाला होणारा संसर्ग अडवणं हे त्याचं काम, आणि ते पहिल्या दिवसातच होतं. उशीर झाला तर ६ आठवड्यांच्या पेंटापासून संरक्षण सुरू होतं, कारण पेंटात हेपटायटिस बी असतेच. पोलिओचा शून्य डोस मात्र १५ दिवसांपर्यंत देता येतो. बीसीजीची मुदत प्रश्न ७ मध्ये आहे.

९. दोन डोसांत पाच महिन्यांचं अंतर पडलं. पहिल्यापासून सुरुवात करायची का?

कधीच नाही. थांबलात तिथून पुढे चला. अंतर जास्त पडल्याने आधीचा डोस वाया जात नाही. उलट अंतर ४ आठवड्यांपेक्षा कमी ठेवलं तर पुढचा डोस नीट लागू पडत नाही. म्हणून बाळ २६व्या दिवशी आलं तर दोन दिवसांनी बोलवा, पण १२६व्या दिवशी आलं तर लगेच टोचा.

आता खरे अवघड प्रसंग. ९ महिन्यांचं बाळ, एकही लस नाही: त्याच दिवशी बीसीजी, पोलिओ, रोटा-१, पेंटा-१, पीसीव्ही-१, एफआयपीव्ही, एमआर-१ आणि जीवनसत्त्व अ, सगळं द्या. दीड वर्षाचं बाळ, एकही लस नाही: बीसीजी, रोटा, पेंटा आणि पीसीव्ही सुरू करायची मुदत १ वर्षाला संपली. त्याला डीपीटी-१, पोलिओ, एमआर-१ आणि जीवनसत्त्व अ द्या. ४ आठवड्यांनी डीपीटी-२, पोलिओ, एमआर-२. आणखी ४ आठवड्यांनी डीपीटी-३ आणि पोलिओ. बूस्टर डीपीटी-३ नंतर किमान ६ महिन्यांनी. पण वर्षाच्या आत पेंटाचा एक जरी डोस झाला असेल, तर उरलेले डोस पेंटाचेच पूर्ण करायचे. हा फरक यादी बनवताना सुटतो.

एमआर ५ वर्षांपर्यंत देता येते, डीपीटी ७ वर्षांपर्यंत. त्याहून मोठ्या मुलाला टीडी.

१०. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडहून आलेलं मूल. कार्ड गावी राहिलं, आधारही नाही.

लस द्या. जो जिथे आहे तिथेच लाभार्थी, आणि आधार ही अट नाही. आधी यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) आईच्या मोबाइल नंबरवरून शोधा. मग गावच्या आशाताईंना फोन करा, रजिस्टरवरून त्या दोन मिनिटांत सांगतात. दंडावर बीसीजीचा व्रण दिसला तर निदान जन्माचा डोस झाल्याचं कळतं. कुठेच नोंद सापडली नाही तर मूल लस न घेतलेलं धरून प्रश्न ९ प्रमाणे चला. एखादा डोस जास्त झाला तर नुकसान नाही, राहून गेला तर आहे. नवीन कार्ड लगेच भरून द्या. टोळी बहुधा एप्रिलच्या सुमारास परत जाते, तेव्हा पुढचे डोस कोणते आणि कधी हे कार्डावर ठळक लिहा.

११. काही डोस खासगी दवाखान्यात झालेत. ते धरायचे का?

तारखेसह लेखी नोंद असेल तर धरायचे. ९ महिन्यांना दिलेली एमएमआर ही एमआर-१ म्हणून चालते, कारण गोवर आणि रुबेला दोन्ही त्यात आहेत. सहा आजारांची एकत्रित लस घेतली असेल तर पेंटा आणि आयपीव्ही झालेली धरा. पोलिओचे थेंब तरीही वयाप्रमाणे आणि मोहिमेतही द्या.

१२. लस जितकी गार तितकी चांगली ना? मग आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये (लस न्यायच्या पेटीत) का नको?

कारण उन्हापेक्षा बर्फ जास्त लशी मारतो, आणि तेही न दिसता. हेपटायटिस बी, पेंटा, डीपीटी, टीडी, पीसीव्ही आणि आयपीव्ही गोठल्या की निकामी. वितळल्यावर त्या पुन्हा पातळ दिसतात, व्हीव्हीएमही (उष्णता लागल्याचं दाखवणारी वायलीवरची खूण) ठीक असतं, आणि टोचल्यावर बाळाला संरक्षण मिळत नाही. शिवाय गळू होण्याचा धोका वाढतो.

डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक उणे १५ ते उणे २५ अंशांवरचा असतो. तो टेबलावर ठेवा. बाहेरून घाम सुटला आणि कानाजवळ हलवल्यावर आत पाणी खळखळलं की तो तयार झाला. उन्हाळ्यात हे लवकर होतं, डिसेंबरात सकाळी बराच वेळ लागतो, म्हणून घड्याळावर नाही, आवाजावर विश्वास ठेवा. कॅरियरमध्ये असे चार आइसपॅक चार बाजूंना, आणि लशी झिपच्या पिशवीत घालून मध्ये. पॅकमध्ये मीठ घालू नका, पाणी खुणेपर्यंतच भरा.

आयएलआर (लशी ठेवायचा खास फ्रिज) २ ते ८ अंशांवर असतो, पण त्याचा तळ सगळ्यात थंड. तिथे पोलिओ, एमआर, बीसीजी ठेवा. गोठण्याने बिघडणाऱ्या लशी वर टोपलीत, तळाला किंवा भिंतीला न टेकवता. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारीही. वीज गेली तर झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळा. बंद आयएलआर बराच काळ गार राहतो, उघडझाप केली की नाही.

१३. पेंटा गोठली असावी अशी शंका आहे. कसं तपासायचं?

बर्फ झालेली दिसली तर तपासायचंच नाही, बाजूला काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. नुसती शंका असेल तर शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक वायल मुद्दाम पूर्ण गोठवा आणि आपोआप वितळू द्या. ती आणि शंका असलेली वायल एकाच हातात धरून १०–१५ सेकंद हलवा, मग शेजारी-शेजारी सपाट जागी ठेवा आणि ३० मिनिटांपर्यंत पाहत राहा. शंकेच्या वायलीतला गाळ गोठवलेलीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने खाली बसला, तर त्या वायली वापरू नका.

ही चाचणी ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशींनाच लागू पडते. आयपीव्हीत ते नसतात, त्यामुळे तिची शेक टेस्ट करून काहीच कळत नाही. शंका आली की ती वायल बाजूला.

१४. व्हीव्हीएम ठीक असेल तर लस ठीक ना?

उष्णतेच्या बाबतीत हो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर वापरा. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर टाकून द्या. पण व्हीव्हीएम गोठणं दाखवत नाही (प्रश्न १२) आणि मुदत संपल्याचंही दाखवत नाही. दोन वायलींची मुदत वेगळी असेल आणि लवकर संपणारीचा चौकोन फिकट असेल, तर आधी कोणती काढायची? जिचा चौकोन दुसरीपेक्षा गडद झालाय, पण वर्तुळापेक्षा अजून फिकट आहे, ती.

१५. उघडलेली वायल पुढच्या सत्राला नेता येते का?

पेंटा, डीपीटी, टीडी, हेपटायटिस बी, पीसीव्ही, आयपीव्ही आणि पोलिओ नेता येतात. उघडल्यापासून २८ दिवसांपर्यंत, पण पाचही अटी पूर्ण असतील तर: मुदत संपलेली नाही, व्हीव्हीएम ठीक, शीतसाखळीत ठेवलेली, डोस निर्जंतुक पद्धतीने काढलेले, आणि रबरी बूच पाण्यात बुडालेलं नाही. शेवटची अट पावसाळ्यात नेहमी मोडते, बर्फाच्या पाण्यात वायल तरंगत असते. म्हणूनच झिपची पिशवी.

बीसीजी, एमआर आणि जपानी मेंदूज्वराची जिवंत लस नेता येत नाही. पूड द्रवात मिसळल्यापासून ४ तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. या जिवंत लशींत जंतू वाढू नये म्हणून घालायचं द्रव्य नसतं. बुचातून जंतू आत शिरला तर काही तासांत विष तयार होतं, आणि ती लस घेतलेल्या बाळाला काही तासांत तीव्र ताप, उलट्या, जुलाब होऊन जीव जाऊ शकतो. वायलीवर तारीख आणि मिसळल्याची वेळ लिहा. वेळ नसलेली वायल म्हणजे वापरायची नाही ती वायल.

ओळखायची सोपी खूण: व्हीव्हीएम लेबलवर असेल तर पुढे नेता येते, टोपीवर असेल तर नाही, कारण टोपी काढली की खूणच गेली. परत आणलेल्या अशा वायली लगेच फेकू नका. ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर वेगळ्या ठेवा. काही घडलं तर तपासाला लागतात.

१६. सत्राला एकच बाळ एमआरचं आहे. वायल फोडायची का? डोस वाया जातील.

फोडायची. उरलेले डोस वाया जाणं कार्यक्रमात धरलेलंच असतं. ‘चार बाळं जमली की उघडू’ या हिशेबाने परत गेलेलं बाळ मात्र कुठल्याच हिशेबात येत नाही.

१७. एमआरचं डायल्युएंट (लशीची पूड विरघळवायचं द्रव) संपलं, बीसीजीचं शिल्लक आहे. चालेल?

नाही. बीसीजीला सलाइन लागतं, एमआरला निर्जंतुक पाणी, आणि दोन्ही त्या-त्या कंपनीचंच. डायल्युएंट आदल्या दिवशी आयएलआरमध्ये ठेवून लशीच्याच तापमानाला आणा. कोमट पाणी घातलं की जिवंत विषाणू तिथेच मरतो. प्रत्येक वायलीला मिसळायला नवी सिरिंज.

औषधांच्या बाटल्या लशींसोबत कधीच ठेवू नका, ना आयएलआरमध्ये ना टेबलावर. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ च्या जानेवारीत पल्स पोलिओ मोहिमेत १२ मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर दिलं गेलं होतं. मुलं बरी झाली. प्रत्येक बाळाआधी लेबल मोठ्याने वाचा. नवख्यांना हे संकोचाचं वाटतं, पण वाचाच.

१८. टोचल्यावर मूल कोसळलं. चक्कर की ॲलर्जी?

नाडी आणि त्वचा पाहा. चक्कर मोठ्या मुलांत, टीडीच्या वेळी, टोचताना किंवा लगेच येते. अंग थंड, घामेजलेलं, नाडी मंद, आणि आडवं केलं की मूल सावरतं. तीव्र ॲलर्जी बहुधा काही मिनिटांनी सुरू होते: अंगावर पित्त, ओठ-चेहरा सुजणं, घरघर, उलट्या, नाडी वेगवान आणि क्षीण. तान्ह्या बाळाला चक्कर येणं फार विरळ. ते निपचित पडलं तर ॲलर्जीच समजा.

१:१००० ॲड्रिनॅलिन, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने, स्नायूत, लस दिली नाही त्या मांडीत. १ वर्षापर्यंत ०.०५ मिली, १ ते ६ वर्षं ०.१, ६ ते १२ वर्षं ०.२, १२ ते १८ वर्षं ०.३, प्रौढांना ०.५ मिली. ४० युनिटच्या सिरिंजवर हे अनुक्रमे २, ४, ८, १२ आणि २० युनिट होतात. हा आकडा किटच्या झाकणावर चिकटवून ठेवा, त्या क्षणी आठवत नाही. मग १०८ ला फोन आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना निरोप. ॲम्प्यूलची मुदत दर महिन्याला पाहा, तपकिरी झालेलं ॲड्रिनॅलिन निकामी असतं. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं ते याचसाठी.

१९. लशीनंतर बाळ भरती झालं. कळवलं तर आमच्यावरच येईल ना?

मृत्यू, भरती, अपंगत्व किंवा एकाच सत्रातल्या अनेकांना त्रास, यांपैकी काहीही झालं तर लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. त्यांना पुढे २४ तासांत जिल्ह्याला कळवायचं असतं. त्या वायली थांबवा, शीतसाखळीतच ठेवा, सिरिंज-डायल्युएंटचे बॅच नंबर लिहा. तपासात अनेकदा योगायोगाने त्याच वेळी आलेला आजार निघतो, पण नोंद आणि वायल नसली तर ते सिद्ध करायला काहीच उरत नाही. न कळवणं हेच टोचणाऱ्या बाईच्या अंगाशी येतं.

२०. गोवराची साथ आहे. ९ महिन्यांखालच्या बाळाला एमआर देता येते का?

स्वतःहून नाही, आदेश आला तर. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात आणि मालेगावात साथ पसरली, तेव्हा केंद्राने अशा भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायला सांगितलं होतं. जिथे एकूण रुग्णांत ९ महिन्यांखालची बाळं १० टक्क्यांहून जास्त होती, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही (हाच एमआरचा शून्य डोस). हे डोस वेळापत्रकात धरत नाहीत. कार्डावर वेगळे लिहा, आणि एमआर-१ व एमआर-२ ठरल्या वेळी द्याच. शून्य डोस झाला म्हणून ९ महिन्यांना परत पाठवलेली बाळं ही नेहमीची चूक.

२१. गरोदरपणी टीडीचे डोस किती? दुसरं बाळंतपण असेल तर?

नोंदणी होताच टीडी-१, ४ आठवड्यांनी टीडी-२. मागच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील आणि त्याला ३ वर्षं पूर्ण झाली नसतील, तर एकच बूस्टर. ३६ आठवड्यांनंतर आली तरी टोचा, प्रसूतीच्या आदल्या दिवशी आली तरीही. जुन्या कार्डावर टीटी लिहिलेलं असेल तर ते डोस धरायचे.

२२. घरी पाठवताना नक्की काय सांगायचं?

चार गोष्टी: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढची तारीख आणि जागा, कार्ड जपून ठेवा आणि येताना आणा. ‘ताप येणार नाही’ असं कधीच सांगू नका. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो, एमआरनंतर साधारण आठवड्याने ताप आणि बारीक पुरळ येऊ शकतं. आधी सांगितलं असलं तर आई घाबरत नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, बटाटा-चुना लावायचा नाही, अंगावर पाजत राहायचं. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि ताप उतरला नाही, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा फिट आली तर थेट केंद्रात आणायचं.